खेड्याच्या वकिलाचा शेवटचा शुक्रवार

२६ डिसेंबर १९२४, बेळगाव. अजून २३ वर्षं, १ महिना, ४ दिवस

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर काँग्रेसच्या इथल्या अधिवेशनासाठी खोदली गेली. देशभरातून माणसं येणार, त्यांना पाणी पुरवायचं कुठून, हा घोर गंगाधरराव देशपांड्यांना होता. हुदलीचे गंगाधरराव टिळकांचे कट्टर अनुयायी. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीग बेळगावातच स्थापन केली होती. आठ वर्षांनी त्याच गंगाधररावांनी गांधीजींना बेळगावात आणलं. गांधीजींनी काँग्रेसचं अध्यक्षपद आयुष्यात एकदाच घेतलं, ते इथे.

या अधिवेशनात सभासदत्वाची अट बदलली. वर्गणीऐवजी दरमहा दोन हजार वार सूत द्यायचं ठरलं. म्हणजे बॅरिस्टर असो की कुळवाडी, काँग्रेसमध्ये यायचं तर सूत देऊन यायचं. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांना कायदेमंडळात जाऊन लढायचं होतं, गांधीजींना गावात जाऊन काम करायचं होतं. दोन्ही बाजूंनी एकमेकांना वाट करून दिली आणि संघटना फुटली नाही.

ज्या संघटनेचं अध्यक्षपद गांधीजींनी आमच्या बेळगावात घेतलं, ती विसर्जित करा असं सांगणारा कागद त्यांनी मरणाच्या दिवशी पहाटे पुरा केला. मी हा घटनाक्रम त्या कागदासाठी लिहितो आहे. खुनाची हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. तो कागद बेळगावजवळच्या बेळगुंदीसारख्या गावांबद्दल होता, आणि बेळगुंदीच्या पंचक्रोशीतच त्याची आठवण कुणी काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

६ जानेवारी १९४८, दिल्ली. अजून २४ दिवस

पंतप्रधान नेहरूंनी गांधीजींसाठी एक टिपण लिहिलं. निमित्त अजमेरच्या दंगलीचं होतं. तिथे नेहरूंनी आपला अधिकारी पाठवला आणि गृहखातं सांभाळणाऱ्या सरदार पटेलांना तो आपल्या खात्यात हस्तक्षेप वाटला. नेहरूंचं म्हणणं होतं की पंतप्रधानाला सगळ्या खात्यांत लक्ष घालण्याची आणि दिशा देण्याची मोकळीक हवी, नाहीतर तो नावापुरता उरेल. १२ जानेवारीला पटेलांनी उत्तर दिलं. पंतप्रधान हा बरोबरीच्या मंडळीतला पहिला. धोरण मंत्रिमंडळाने ठरवायचं आणि आपापल्या खात्याची जबाबदारी ज्याची त्याने घ्यायची. दोन्ही टिपणं गांधीजींकडे गेली. दोघांनीही गरज पडली तर पद सोडण्याची तयारी दाखवली होती.

स्वभाव जुळत नाहीत म्हणून झालेलं हे भांडण नव्हतं. सत्ता कुठे साठवायची आणि कुठे वाटायची, हा राज्यशास्त्रातला जुना प्रश्न त्यात होता. अमेरिकेत प्रजासत्ताक उभं राहिल्यावर तीन वर्षांतच तो उभा राहिला. जॉर्ज वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात हॅमिल्टनला मजबूत केंद्र, राष्ट्रीय बँक आणि कारखाने हवे होते. जेफर्सनला शेतकऱ्यांचा, राज्यांना मोठे अधिकार देणारा देश हवा होता. ऑगस्ट १७९२ मध्ये वॉशिंग्टनने दोघांना वेगवेगळी पत्रं लिहून एकमेकांना सांभाळून घेण्याची विनंती केली. तिचा उपयोग झाला नाही. १७९३ च्या अखेरीस जेफर्सनने मंत्रिपद सोडलं, आणि दोन पक्षांतली कटुता वर्तमानपत्रांतून वाढतच गेली. हॅमिल्टनचा शेवट जुलै १८०४ मध्ये पिस्तुलाच्या द्वंद्वात झाला. समोर उभा असलेला ॲरन बर त्या वेळी देशाचा उपराष्ट्राध्यक्ष होता.

दिल्लीत वॉशिंग्टनची जागा गांधीजींची होती. त्यांच्याकडे पद नव्हतं. आणि त्यांचं स्वतःचं मत या दोन्ही शिष्यांच्या मतांहून निराळं होतं.

१३ ते १८ जानेवारी. अजून १७ दिवस

दिल्लीत मुसलमानांना निर्धास्तपणे राहता यावं म्हणून उपोषण. पाकिस्तानला देण्याचे ५५ कोटी रुपये मंत्रिमंडळाने याच दिवसांत मोकळे केले. पटेल दुखावले. आपल्याला मोकळं करा, असं त्यांनी गांधीजींना लिहिलं. १८ तारखेला उपोषण सुटलं. पटेलांचा प्रश्न तसाच राहिला.

२० जानेवारी. अजून १० दिवस

बिर्ला हाउसच्या प्रार्थनासभेत स्फोट झाला. मदनलाल पाहवा जागेवरच पकडला गेला. त्याचे साथीदार निसटले. त्यांच्यापैकी एक पुण्यातल्या मराठी वर्तमानपत्राचा संपादक आहे, इतका धागा पोलिसांच्या हाती आला होता. मुंबईत प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालकडून ऐकलेलं सगळं गृहमंत्री मोरारजी देसाईंच्या कानावर घातलं. पुण्यात 'अग्रणी' आणि पुढे 'हिंदु राष्ट्र' या नावाने निघणाऱ्या पत्राचा संपादक शोधून काढायला दहा दिवस कमी नव्हते. या ढिलाईचा पंचनामा पुढे कपूर आयोगाने केला. मराठी वाचकाने तो वाचायला हवा. संपादक आपला होता, पत्र आपल्या भाषेत निघत होतं, आणि त्यातली भाषा इथल्या कित्येक सुशिक्षित घरांत रोज वाचली जात होती.

पटेलांनी बिर्ला हाउसवर पोलीस वाढवले. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायला मात्र गांधीजींनी ठाम नकार दिला.

शुक्रवार, ३० जानेवारी. पहाटे ३.३०. अजून १३ तास ४७ मिनिटं

गांधीजी रोजच्यासारखे उठले. प्रार्थनेला नातसून आभा उठली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं आणि ते नात मनूजवळ बोलून दाखवलं. मग आदल्या रात्री थकव्यामुळे अपुरा राहिलेला मसुदा पुढे घेतला. पावणेपाचला मध-लिंबाचं गरम पाणी, त्यानंतर तासाभराने संत्र्याचा रस. उपोषणाचा अशक्तपणा अजून गेला नव्हता. लिहिता लिहिताच त्यांना डुलकी लागली.

मसुद्यात काय होतं ते नीट सांगतो. प्रचाराचं साधन आणि संसदेतलं यंत्र म्हणून काँग्रेसचं काम संपलं आहे. देशाच्या सात लाख खेड्यांना सामाजिक, नैतिक आणि आर्थिक स्वातंत्र्य अजून मिळायचं आहे. म्हणून काँग्रेसने स्वतःला विसर्जित करावं आणि लोकसेवक संघ म्हणून उभं राहावं. त्याचा पाया म्हणजे गावातल्या पाच प्रौढ स्त्री-पुरुषांची पंचायत. शेजारच्या दोन पंचायतींचं एक पथक, त्यांनी निवडलेला एक नेता. अशा शंभर पंचायती झाल्या की पहिल्या पायरीच्या पन्नास नेत्यांनी आपल्यातून दुसऱ्या पायरीचा नेता निवडायचा. अशीच वरवर चढत जाणारी रचना. सेवकाने खादी वापरायची, दारू प्यायची नाही, अस्पृश्यता मनातून आणि घरातून काढून टाकायची. रोजच्या कामाची नोंद ठेवायची. आणि एक कलम मला सगळ्यांत जवळचं वाटतं: मतदार यादीतून ज्यांची नावं सुटली असतील ती शोधून यादीत घालायची.

हे स्वप्नरंजन होतं, असं म्हणणाऱ्यांनी औंध आठवावं. साताऱ्याकडचं बहात्तर गावांचं हे छोटं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेला देऊन टाकली. त्यासाठीचं संविधान राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलिश इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांनी सेवाग्रामला जाऊन गांधीजींच्या सल्ल्याने तयार केलं. गावच्या पंचायती, त्यांच्यातून तालुक्याचं मंडळ, त्यातून राज्याचं. दिल्लीत पहाटे कागदावर उतरत असलेल्या रचनेची थोरली बहीण मराठी मुलुखात नऊ वर्षं नांदत होती. 'दो आंखें बारह हाथ' हा सिनेमा ज्या स्वतंत्रपूरच्या उघड्या तुरुंगावरून सुचला, तोही याच औंधच्या प्रयोगातला.

सकाळी ८.०० च्या सुमारास. अजून ९ तास

मालिशीला जाताना गांधीजींनी मसुदा आपले चिटणीस प्यारेलालजी यांच्या हाती दिला. फार ताणाखाली लिहिला आहे, विचारात कुठे तुटलं असेल तर भरून काढा, असं सांगितलं. मालिश संपल्यावर पहिला प्रश्न, तपासून झाला का? दुसरं काम लगेच पुढे: मद्रासकडच्या अन्नटंचाईवर टिपण तयार करा. वजन केलं, ते १०९½ पौंड भरलं, म्हणजे पन्नास किलोंच्या आत. नोआखालीच्या दिवसांपासूनचा बंगालीचा रोजचा धडा गिरवला. साडेनऊला जेवण: शेळीचं दूध, शिजवलेल्या आणि कच्च्या भाज्या, संत्री. जेवता जेवता प्यारेलालजींकडून मसुद्यातले बदल एकेक करून ऐकले आणि पंचायतीतल्या नेत्यांच्या संख्येत राहिलेली चूक दुरुस्त केली.

गांधींचं खेडं म्हणजे भाबडेपणा, असं मानणाऱ्यांनी हा तपशील लक्षात घ्यावा. शंभर पंचायतींना नेते किती, याचा हिशेब ते मरणाच्या दिवशी सकाळी जुळवत होते.

त्यांचा वारसदार या खेड्याला मानत नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी नेहरूंना लिहिलं होतं की 'हिंद स्वराज'मधल्या रचनेवर माझा विश्वास अजून आहे, माणसाला खेड्यातच राहावं लागेल. चार दिवसांत नेहरूंचं उत्तर आलं. सत्य आणि अहिंसा खेड्यातच का नांदावी, हे मला कळत नाही. खेडं बुद्धीने आणि संस्कृतीने मागासलेलं असतं, आणि मागासलेल्या वातावरणातून प्रगती होत नाही. इतकं स्पष्ट उत्तर मिळूनही गांधीजींनी नेहरूंना दूर केलं नाही आणि स्वतःचं मतही सोडलं नाही.

दुपारी १२.०० च्या सुमारास. अजून ५ तास १७ मिनिटं

झोपेतून उठून गांधीजी कुणाचा आधार न घेता चालत गेले. उपोषणानंतर हे पहिल्यांदाच. दिल्लीतले मौलवी भेटायला आले. वर्ध्याला जायचा बेत होता, पण त्यांच्या संमतीशिवाय दिल्ली सोडायची नव्हती.

त्याच वेळी जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्टेशनवर, सहा नंबरच्या विश्रामकक्षात, तीन मराठी माणसं होती: पुण्याचे नथुराम गोडसे आणि नारायण आपटे, नगरचा विष्णू करकरे. ग्वाल्हेरहून आणलेलं इटालियन बनावटीचं बेरेटा पिस्तूल त्यांच्यापाशी होतं. त्यांच्याही डोक्यात एक राष्ट्र होतं. त्या राष्ट्रात कुणाशी वाद घालायची गरज उरणार नव्हती.

दिल्लीत त्या आठवड्यात आणखी एका मराठी माणसाचं काम चालू होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष होते. समितीचं काम शेवटच्या टप्प्यात आलं होतं. त्यांच्या मसुद्यात पाया गाव नव्हता, माणूस होता. एक माणूस, त्याचे मूलभूत हक्क, त्याचं एक मत. गाव म्हणजे स्थानिक आकसाचं डबकं, अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता यांची गुहा, असं त्यांनी पुढे ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत सांगितलं. मसुद्याने व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं.

बाबासाहेबांच्या या वाक्यांवर रागावण्याचा अधिकार सवर्ण गावकऱ्याला नाही. बेळगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात वयस्क माणसाला विचारा, वेगळा पाणवठा आणि चहाच्या दुकानात बाहेर ठेवलेला वेगळा कप त्याने पाहिलेला असतो. ज्याला गावाच्या पंचांनी वेशीबाहेर ठेवलं, त्याने पाच पंचांच्या हाती राज्य का द्यावं? गांधीजींकडे याचं उत्तर होतं: अस्पृश्यता मनातून काढलेला सेवक. बाबासाहेबांचा प्रश्न होता की तो सेवक निपजेपर्यंत माणसाने काय करायचं. मला बाबासाहेबांचा प्रश्न बळकट वाटतो. तरीही मला खेड्याचा वकील त्या घटना समितीपुढे उभा राहिलेला हवा होता. पुणे कराराच्या वेळी १९३२ मध्ये ही दोन माणसं येरवड्याला समोरासमोर बसली होती, पण उपोषणाच्या सावलीत. राज्यघटनेचा मसुदा पुढे ठेवून, मोकळ्या मनाने, गाव की माणूस या एका विषयावर त्यांची गाठ पडली असती, तर कदाचित दोन्ही मसुदे बदलले असते. त्या गाठीला त्या दुपारी अवघे पाच तास उरले होते.

दुपार

गांधीजींचे सहकारी सुधीर घोष लंडनच्या 'टाइम्स'मधलं एक कात्रण घेऊन आले. नेहरू आणि पटेल यांच्यात फूट पडल्याची बातमी. आता ही कुजबूज समुद्रापार पोचली होती. चार वाजता सरदार येणार आहेत, त्यांच्याशी बोलेन, असं गांधीजींनी सांगितलं. प्रार्थनेनंतर नेहरू आणि मौलाना आझाद यायचे होते.

दुपारी ४.००. अजून १ तास १७ मिनिटं

पटेल आपल्या मुलीबरोबर, मणिबहेनबरोबर आले. गांधीजी सूत कातत बोलत होते. याच खोलीत त्यांचं संध्याकाळचं जेवणही आलं.

एकेकाळी गांधीजींना वाटत होतं की दोघांपैकी एकाने मंत्रिमंडळ सोडावं. आता त्यांचं मत बदललं होतं. दोघेही हवेत. दोघांत फूट पडली तर देशावर अनर्थ ओढवेल. आज प्रार्थनेनंतर हाच विषय बोलेन, नेहरूंशीही बोलेन, लागलं तर वर्ध्याला जाणं पुढे ढकलेन.

त्या तासाभरात समोरासमोर बसलेली दोन माणसं राज्य या गोष्टीकडे किती वेगळ्या नजरेने पाहत होती! पटेल त्या वेळी संस्थानं एकामागून एक भारतात विलीन करून घेत होते. नकाशावरची भोकं त्यांना बुजवायची होती, प्रशासन पोलादासारखं घट्ट करायचं होतं. आमच्याच आसपासची सांगली, मिरज, जमखिंडी, रामदुर्ग अशी संस्थानं त्या यादीत होती. ते केलं नसतं तर देश टिकला नसता, असं मी मानतो. समोरच्या म्हाताऱ्याच्या मनात मात्र सत्ता सात लाख गावांत वाटून टाकायचा मसुदा होता. आणि हा म्हातारा पटेलांना सांगत होता की तुम्ही जाऊ नका. आपल्या मताच्या उलट चालणाऱ्या दोघांना, त्यांच्या आपसातल्या वादासकट, एका मंत्रिमंडळात ठेवण्यासाठी तो आपली शेवटची संध्याकाळ खर्च करत होता.

वॉशिंग्टनने पत्रं लिहिली. गांधीजी माणसाला समोर बसवून, डोळ्यांत पाहून बोलत होते. माझ्या मते देशाच्या कारभारातली ही त्यांची सगळ्यांत मोठी देणगी होती, आणि तिचं कलम कुठल्याच घटनेत लिहिता येत नाही.

दुपारी ४.३० च्या सुमारास. अजून ४७ मिनिटं

स्टेशनवरून नथुराम टांग्याने निघाला. मागोमाग बाकीचे दोघे. बिर्ला हाउसच्या फाटकात झडती नव्हती.

काठियावाडचे दोन कार्यकर्ते भेटीसाठी थांबले होते. मनूने आत निरोप दिला. गांधीजी म्हणाले, प्रार्थनेनंतर या म्हणावं, जिवंत असलो तर भेटेन.

सायंकाळी ५.००. अजून १७ मिनिटं

प्रार्थनेची वेळ झाली. घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस त्या दिवशी उठेना. आभाने त्यांचं घड्याळ पुढे धरलं, तरी बोलणं चालूच. शेवटी मणिबहेनने मध्ये तोंड घातलं.

५.१०. अजून ७ मिनिटं

मनू आणि आभा, दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून ते निघाले. आभाने दिलेल्या कच्च्या गाजरावरून थट्टा झाली. उशीर झाल्याबद्दल ते थोडे रागावले, प्रार्थनेला एक मिनिट उशीर झालेलाही मला खपत नाही म्हणाले. वेळ वाचवायला हिरवळीतून सरळ वाट धरली. पायऱ्या चढले. लोकांनी वाट करून दिली. त्यांनी मुलींच्या खांद्यांवरचे हात काढून नमस्कारासाठी जोडले.

५.१७

गर्दीतून खाकी कपड्यातला एक माणूस पुढे आला. मनू म्हणाली, आधीच उशीर झाला आहे. त्याने तिला ढकललं. तिच्या हातातली माळ आणि वही खाली पडली. तीन गोळ्या.

६.०० आणि त्यानंतर

आकाशवाणीने सहाच्या बातम्यांत सांगितलं. पटेल नुकते घरी पोचले होते, तसेच परत आले. नेहरू आले. मारणारा मुसलमान आहे, अशी आवई उठायला लागली होती. तो हिंदू आहे हे लगोलग जाहीर झालं म्हणून उत्तर हिंदुस्थान त्या रात्री वाचला. माउंटबॅटनने नेहरू आणि पटेल यांना एकत्र घेऊन सांगितलं की तुमचं जुळावं ही त्यांची अखेरची इच्छा होती. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. रात्री दोघेही आकाशवाणीवरून देशाशी बोलले. ३ फेब्रुवारीला नेहरूंनी पटेलांना पत्र लिहिलं, ५ ला पटेलांचं उत्तर गेलं. पटेलांचं निधन डिसेंबर १९५० मध्ये झालं, तोवर दोघे भांडत भांडत एकत्र राहिले. चार वाजता सुरू झालेलं ते बोलणं वाया गेलं नाही.

मराठी मुलुख मात्र वाचला नाही. मारेकरी चित्पावन ब्राह्मण आहे हे कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर पेटलं. निपाणीपलीकडच्या ज्या कोल्हापूरशी आमचं बाजारहाट आणि सोयरिकीचं नातं, तिथे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. खेड्यापाड्यांतली ब्राह्मणांची घरं लुटली, जाळली गेली, कित्येक कुटुंबांनी गाव कायमचं सोडलं. हे करणाऱ्यांच्या तोंडी गांधीजींचं नाव होतं. ज्या खेड्यावर त्यांनी पहाटे विश्वास टाकला, त्याच खेड्याने आठवड्याभरात बाबासाहेबांचं म्हणणं खरं करून दाखवलं. हे लिहिताना मला त्रास होतो, पण ते गाळून हा घटनाक्रम पुरा होत नाही.

१५ फेब्रुवारी ते ८ मार्च १९४८

लोकसेवक संघाचा मसुदा १५ फेब्रुवारीच्या 'हरिजन'मध्ये छापून आला. काँग्रेसने स्वतःला विसर्जित केलं नाही. २१ फेब्रुवारीला बाबासाहेबांनी राज्यघटनेचा मसुदा घटना समितीच्या अध्यक्षांना सादर केला. त्यात ग्रामपंचायत नव्हती. ५ मार्चला पटेलांना हृदयविकाराचा झटका आला. ८ मार्चला दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यात औंध होतं, आणि औंधचं गावांचं संविधानही तिथेच संपलं.

नोव्हेंबरमध्ये घटना समितीत पुष्कळ सभासद गावासाठी उठले. के. संतानम यांनी दुरुस्ती मांडली, बाबासाहेबांनी ती स्वीकारली. तिचं पुढे ४० वं कलम झालं: राज्याने ग्रामपंचायती स्थापन कराव्यात. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला गोडसे आणि आपटे यांना अंबाल्याला फाशी दिलं. अकरा दिवसांनी राज्यघटना स्वीकारली गेली.

१ नोव्हेंबर १९५६ पासून, बेळगुंदी

गाव की माणूस, हा वाद दिल्लीत अर्धा राहिला. त्याची किंमत सीमाभागाने मोजली आहे. राज्य पुनर्रचना आयोगाने जिल्हा हा घटक धरला. बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तेवढं बाजूला काढलं, बाकी सगळं म्हैसूर राज्यात गेलं. बेळगुंदीच्या पश्चिमेला काही मैलांवर चंदगड तालुका लागतो. तिकडचा शेतकरी आणि इकडचा शेतकरी सारखंच भात पिकवतो, सारखीच रताळी लावतो, सारखीच मराठी बोलतो. तेव्हापासून महाराष्ट्र 'खेडे हा घटक' म्हणत आला आहे: खेडं घटक, सलग भूभाग, बहुसंख्यांची भाषा, लोकांची इच्छा. आंध्र आणि मद्रासची सीमा याच तत्त्वावर ह. वि. पाटसकरांनी आखून दिली होती. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगावला ते लावलं नाही. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात बेळगुंदीत पोलिसांनी गोळीबार केला आणि गावची माणसं मेली. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू आहे.

मी बेळगुंदीच्या बाजूने बोलतो ते फक्त भाषेसाठी नाही. गावाला आपलं म्हणणं मांडायला एक जागा हवी, आणि त्या जागेत वाडीतल्या शेवटच्या माणसाला बाबासाहेबांनी दिलेल्या हक्कासकट बसता यायला हवं. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली तेव्हा गांधीजी आणि बाबासाहेब पहिल्यांदा एका कायद्यात आले: ग्रामसभा आली, आणि पंचायतीत दलितांसाठी आणि स्त्रियांसाठी राखीव जागाही आल्या. मात्र मराठी माणसं बसतात त्या सीमाभागातल्या ग्रामपंचायतींचं दप्तर कन्नडमध्ये चालतं. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक असतील तिथे कागदपत्रं त्यांच्या भाषेत मिळावीत, या मागणीची निवेदनं वर्षानुवर्षं जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर जातात.

गावातला रस्ता, दिवा, गटार, घरकुलांची यादी यावर ग्रामसभा ठराव करू शकते. गाव कोणत्या राज्यात असावं, यावर तिचं मत घटनेच्या तिसऱ्या कलमात कुणी विचारलेलं नाही. तो अधिकार संसदेचा आहे, आणि त्यासाठी राज्याच्या विधानसभेची संमतीसुद्धा लागत नाही.